सामाईक संपत्तीचा ऱ्हास : महाराष्ट्रातील बीटी कपाशी आणि गुलाबी बोंडअळी

महाराष्ट्रात कपाशी मुख्यत्वे विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश या तीन प्रदेशांत घेतली जाते, आणि सुमारे चाळीस लाख हेक्टर क्षेत्र व्यापणाऱ्या या पिकाचा २००२ नंतरचा इतिहास हा बऱ्याच अंशी एका जिवाणूच्या जनुकाचा इतिहास आहे. बोंडअळीला मारणारे विष झाडाच्या पेशीपेशीत तयार करणारे बियाणे त्या वर्षी बाजारात आले, दहा वर्षांच्या आत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी त्याच बियाण्याची झाली, आणि २०१७ च्या हंगामात याच कपाशीची बोंडे गुलाबी बोंडअळीने आतून पोखरून टाकली. त्यानंतर झालेल्या चर्चेत दोन बाजू ठळकपणे मांडल्या गेल्या : एका बाजूने तंत्रज्ञान फसवे होते असे म्हटले, तर दुसरीने शेतकऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत असे. दोन्ही बाजूंत तथ्याचा अंश असला तरी घडलेल्या गोष्टीचा उलगडा त्यांतून होत नाही. जनुक आजही पूर्वीइतकेच विष तयार करते. नाहीशी झाली ती त्या विषाला बळी पडण्याची किडीची प्रवृत्ती, म्हणजेच तिची संवेदनक्षमता. ही संवेदनक्षमता गावाच्या गायरानासारखी सर्वांच्या मालकीची होती, तिचा उपभोग प्रत्येकाने घेतला, आणि तिच्या राखणीची जबाबदारी प्रत्यक्षात कोणीच सांभाळली नाही.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके कापसाच्या नकाशावर येत नाहीत. त्या भागातील निमगाव सावा हे गाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख टोमॅटो, कांदा, ऊस आणि हरभरा यांचा आहे. तरीही कपाशीतील या घडामोडींचा एक धागा तेथील शिवारापर्यंत पोचतो, आणि त्या धाग्यामुळेच एक अळी का हरली व दुसरी का जिंकली हे समजण्यास मदत होते.

जिवाणूपासून बियाण्यापर्यंत

बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा मातीत सर्वत्र आढळणारा जिवाणू आहे. जपानमध्ये १९०१ साली शिगेताने इशिवाता यांनी रेशीमकिड्यांच्या एका रोगाचा शोध घेताना तो प्रथम ओळखला, आणि पुढे जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी पिठातील पतंगाच्या अळीतून तो वेगळा करून थुरिंगिया प्रांतावरून त्याचे नामकरण केले. बीटी हे त्या नावाचेच लघुरूप होय. हा जिवाणू बीजाणू तयार करताना प्रथिनाचे स्फटिक बनवतो आणि या प्रथिनांना क्राय प्रथिने म्हणतात. अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो, पाचक विकरे त्याचे तुकडे करून कार्यक्षम विष मोकळे करतात, आणि ते विष आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहींना, म्हणजे कुलपात किल्ली बसावी तशा जुळणाऱ्या रेणूंना, चिकटते. अस्तराला छिद्रे पडतात, अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. माणसाच्या व गुराढोरांच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि त्यांच्या आतड्यात हे ग्राही नसतात, म्हणून त्यांच्यावर हे विष अशा रीतीने काम करीत नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवरही कपाशीतील या प्रथिनांचा परिणाम होत नाही, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने या जिवाणूतील क्राय१एसी हे जनुक कपाशीत घातले आणि १९९६ मध्ये तेथे त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. भारतात ते जालन्याच्या महिको या कंपनीमार्फत आले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने ते जनुक आपल्या संकरित वाणांत उतरवले, १९९८ पासून शेतावरील चाचण्या झाल्या, आणि २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातमध्ये विनापरवाना बीटी कपाशी हजारो एकरांवर उभी असल्याचे उघडकीस आले होते, म्हणजे नियमनाची घडी बसण्यापूर्वीच बियाणे शिवारात पोचले होते. क्राय१एसीच्या जोडीला क्राय२एबी हे दुसरे जनुक असलेल्या बोलगार्ड-२ या कपाशीला २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच तिने पहिल्या पिढीची जागा घेतली.

हे बियाणे शेतकऱ्यांनी इतक्या झपाट्याने का स्वीकारले, हे आधीच्या दोन दशकांकडे पाहिल्यावर कळते. १९८० च्या सुमारास आलेली सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके काही वर्षांतच निष्प्रभ होऊ लागली आणि १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशातील कापूसपट्ट्यात अमेरिकन बोंडअळी फवारणीला दाद देईनाशी झाली. पेरणीखालील क्षेत्रापैकी सुमारे पाच टक्के जागेवर असलेल्या कपाशीसाठी देशातील जवळजवळ निम्मी कीटकनाशके खर्ची पडत होती. फवारणीवर फवारणी करूनही हातात काही न उरलेल्या शेतकऱ्याला अळीचा बंदोबस्त बियाण्यातच असणे हा मोठाच दिलासा होता. देशाचे कापूस उत्पादन २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले. या वाढीचे श्रेय किती कोणाला द्यावे याविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये मांडलेल्या विश्लेषणात खतांचा वाढलेला वापर आणि सिंचन यांचा वाटा मोठा असल्याचे, आणि २०१३ पर्यंत हेक्टरी कीटकनाशकांचा वापर पुन्हा बीटीपूर्व पातळीला पोचल्याचे दाखवले आहे.

एका अळीची हार, दुसरीची सरशी

कपाशीच्या बोंडांवर तीन अळ्या येतात : अमेरिकन किंवा हिरवी बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी आणि गुलाबी बोंडअळी, जिला जुन्या पुस्तकांत शेंदरी बोंडअळी असेही म्हटलेले आढळते. बीटी कपाशी आणली गेली ती मुख्यतः पहिलीच्या बंदोबस्तासाठी, आणि तिच्यावरील कपाशीतील नियंत्रण दोन दशकांनंतरही बऱ्याच अंशी टिकून आहे. गुलाबी बोंडअळीने मात्र आठ वर्षांत पहिल्या जनुकावर आणि त्यानंतर लवकरच दुसऱ्यावरही मात केली. याचे कारण दोघींच्या खाण्यात आहे.

हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा हे शास्त्रीय नाव असलेली अमेरिकन बोंडअळी अनेक पिकांवर जगते. तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी, हरभऱ्यावरील घाटेअळी आणि टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी ही सारी तिचीच रूपे आहेत. निमगाव साव्याच्या शिवारात टोमॅटोला किंवा हरभऱ्याला लागणारी अळी आणि यवतमाळच्या कपाशीवरची हिरवी अळी या एकाच जातीच्या आहेत. तूर, हरभरा, टोमॅटो या पिकांत बीटी जनुक नसल्यामुळे त्यांच्यावर वाढलेल्या अळ्यांना त्या विषाचा संपर्क येत नाही, त्यांची संवेदनक्षमता शाबूत राहते, आणि लांबवर उडणारे त्यांचे पतंग कपाशीत वाचलेल्या एखाददुसऱ्या प्रतिकारक पतंगाशी संकर करून प्रतिकाराचे गुण विरळ करीत राहतात. अशा प्रकारे राज्यभरातील भाजीपाला आणि कडधान्यांची शिवारे, कोणीही न ठरवता, कपाशीतील तंत्रज्ञानाची राखण करीत आली आहेत.

गुलाबी बोंडअळीला असा आधार मिळत नाही. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला ही अळी जवळपास पूर्णपणे कपाशीवरच जगते, भेंडीसारख्या कपाशीच्या कुळातील काही वनस्पतींवर ती क्वचित आढळते, तुरीवर किंवा हरभऱ्यावर नाही. भारतातील कपाशी जवळजवळ सारी बीटी झाल्यावर या अळीच्या प्रत्येक पिढीला जन्मापासून त्याच विषाला तोंड द्यावे लागले, आणि ज्या थोड्या अळ्या त्यातून तगल्या त्यांच्याच वंशाने पुढची पिढी भरली. तिच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या ग्राही प्रथिनाच्या जनुकात झालेले बदल क्राय१एसीच्या प्रतिकाराशी निगडित असल्याचे भारतातील शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत आढळले आहे; सोप्या शब्दांत, कुलूपच बदलल्यामुळे किल्ली लागेनाशी झाली.

या अळीमुळे होणारे नुकसान सहज दिसत नाही, हेही तिच्या यशाचे एक कारण आहे. मादी पात्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या लाळेच्या धाग्यांनी आतून बांधते, त्यामुळे फूल उमलण्याऐवजी गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखे राहते, आणि अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंडात शिरलेल्या अळीचे छिद्र काही काळात बुजून जाते आणि बोंड बाहेरून हिरवेगार व निरोगी दिसत राहते. ते फोडले तर आत सरकी पोखरलेली, रुईवर डाग पडलेले आणि दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. असे बोंड नीट फुटत नाही, त्यातील कापूस बोटांनी ओरबाडून काढावा लागतो, आणि या कवडी कापसाला बाजारात भाव मिळत नाही. पाने हिरवी, झाड भरलेले आणि वेचणीच्या वेळी मात्र पदरी निराशा, असा अनुभव म्हणूनच येतो.

आश्रय पिकाचे गणित

प्रतिकाराचा धोका बियाणे येण्यापूर्वीच ज्ञात होता आणि त्यावर उपायही ठरलेला होता. प्रतिकाराचे जनुक सुरुवातीला फार विरळ असते आणि बहुधा अप्रभावी असते, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून ते मिळाले तरच अळी तगते. शेताच्या एका भागात साधी, बीटी नसलेली कपाशी लावली तर तेथे मोठ्या संख्येने संवेदनक्षम पतंग तयार होतात. बीटी कपाशीतून वाचलेला विरळा प्रतिकारक पतंग त्यांच्यापैकी एकाशी संकर करतो. आणि त्यांच्या संततीत प्रतिकाराचे जनुक एकाच बाजूने आलेले असल्यामुळे, झाडातील विषाची मात्रा पुरेशी जास्त असेल तर, ती संतती मरते. या साध्या कपाशीला आश्रय पीक म्हणतात. हा उपाय दोन गोष्टींवर अवलंबून आहे : आश्रय पीक खरोखर लावले जाणे आणि झाडातील विषाची मात्रा भरपूर असणे. भारतात दोन्ही गोष्टी साधल्या नाहीत.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची वेगळी पुडी दिली जात असे, आणि शेताच्या वीस टक्के भागात किंवा भोवताली पाच ओळींत ते लावावे असा नियम होता. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या मालकाला ही सूचना म्हणजे आपल्या शेताचा पाचवा हिस्सा अळीला खाऊ घालण्याचा आदेश होता. त्याचा तोटा त्याचा एकट्याचा, आणि त्यातून होणारा लाभ मात्र पंचक्रोशीचा. शिवाय शेजाऱ्याने पुडी बांधावर टाकून दिली तर या शेतकऱ्याचा त्यागही वाया. त्या बियाण्याच्या प्रतीविषयी तक्रारी होत्या, ती वेगळी पुडी कशासाठी हे सांगणारा माणूसही बहुधा भेटत नसे, आणि ती न लावल्यास विचारणारी यंत्रणा नव्हती. काही पाकिटांत तर नॉन-बीटी कपाशीऐवजी तुरीचे बियाणे दिले जाई. अमेरिकन बोंडअळीसाठी ते योग्यच होते, परंतु तुरीला तोंड न लावणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीने तो आश्रय नव्हताच. पुढे नॉन-बीटी बियाणे पाकिटातच पाच ते दहा टक्के मिसळण्याची पद्धत आली, पण तोवर प्रतिकार पसरून गेला होता.

मात्रेचा प्रश्न संकरित वाणांशी जोडलेला आहे. जगातील बहुतेक कापूस उत्पादक देश सरळ वाण पेरतात, ज्यांचे बी पुढच्या वर्षी पेरता येते. भारताने मात्र बीटी जनुक जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांत ठेवले. त्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी बियाणे विकत घेणे भाग पडले आणि कंपन्यांचा बाजार सुरक्षित राहिला, परंतु त्याचा जैविक परिणामही झाला. संकरित झाडात जनुकाची एकच प्रत असते, आणि त्याच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी असल्याने तिच्यात गुणांची विभागणी होते. दोन जनुकांच्या कपाशीत सोळांपैकी सरासरी नऊ बियांत दोन्ही विषे, तीन बियांत केवळ पहिले, तीन बियांत केवळ दुसरे आणि एका बीत एकही नाही असे मिश्रण एकाच झाडावर तयार होते. सरकी खाणाऱ्या अळीला अशा वेगवेगळ्या मात्रांचे घास मिळाले तर ती टप्प्याटप्प्याने सरावते, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी वारंवार मांडले आहे. शिवाय पीक शंभर-सव्वाशे दिवसांचे झाल्यावर झाडातील क्राय१एसीची मात्रा घटत जाते, आणि गुलाबी बोंडअळीचा खरा उपद्रव सुरू होतो तो नेमका त्याच सुमारास.

फरदड, जिनिंग आणि २०१७

क्राय१एसीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळ्या २००८ च्या हंगामात गुजरातमधील अमरेली येथून गोळा केलेल्या नमुन्यांत आढळल्या आणि मार्च २०१० मध्ये मोन्सँटोने सौराष्ट्रातील चार जिल्ह्यांत प्रतिकार निर्माण झाल्याचे जाहीर केले. या भागातील ओलिताची कपाशी दीर्घकाळ शेतात उभी राहत असे. २०१४ पासून दोन्ही विषांना दाद न देणाऱ्या अळ्यांची नोंद होऊ लागली, २०१५ मध्ये गुजरातेत मोठे नुकसान झाले, आणि दोन वर्षांत तीच परिस्थिती महाराष्ट्रात आली.

या प्रसारात दोन सवयींचा मोठा वाटा होता. पहिली फरदडीची : मुख्य वेचण्या आटोपल्यावर पाणी देऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवली की आणखी थोडा कापूस मिळतो, आणि ज्याच्या हाती पैसा नाही त्याला तो सोडवत नाही, पण त्याचबरोबर अळीच्या दोन-तीन जादा पिढ्या पोसल्या जातात. एरवी ही अळी हिवाळ्यात सरकीत किंवा वाळलेल्या बोंडात सुप्तावस्थेत पडून राहते, आणि त्या काळात शेतात कपाशी नसणे हेच तिच्यावरील सर्वांत स्वस्त नियंत्रण असते. दुसरी सवय साठवणुकीची : जिनिंग कारखान्यांच्या आवारात आणि घरोघरी पडलेल्या कापसातून व सरकीतून उन्हाळ्याअखेर पतंग बाहेर पडतात. त्याच सुमारास मे महिन्यात लावलेली पूर्वहंगामी कपाशी फुलावर आली की साखळी न तुटता पुढे चालू राहते.

२०१७ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात या साऱ्याचा परिणाम एकदम दिसला. दुसऱ्या वेचणीनंतरचा कापूस हाती लागला नाही, अनेकांनी उभ्या पिकावर नांगर फिरवला, बियाणे कायद्याखाली शेतकऱ्यांनी जी-फॉर्म भरून तक्रारींचे ढीग लावले, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारला मदत जाहीर करावी लागली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. माणसापेक्षा उंच वाढलेली दाट पऱ्हाटी, उकाडा, संरक्षक साधनांचा अभाव आणि विषारी औषधांची सरमिसळ अशी अनेक कारणे तपासातून पुढे आली. ज्या तंत्रज्ञानाने फवारणी कमी होईल असे सांगितले गेले होते, त्याच्याच छायेत माणसे फवाऱ्याने मेली, ही गोष्ट कोणत्याही हिशेबात नजरेआड करता येणार नाही.

अन्य देशांचा अनुभव

हे सारे अटळ नव्हते, याचा पुरावा याच अळीच्या परदेशातील इतिहासात मिळतो. अमेरिकेतील ॲरिझोना व शेजारच्या राज्यांत शेतकऱ्यांच्या संघटना, विद्यापीठे आणि सरकार यांनी सुरुवातीला आश्रय पीक काटेकोरपणे राखले, पुढे बीटी कपाशीला वंध्य पतंग सोडण्याची, कामगंध रसायनांची आणि हंगामानंतर अवशेष नष्ट करण्याची जोड दिली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ही कीड देशातून निर्मूलित झाल्याचे जाहीर झाले. चीनमधील यांगत्से खोऱ्यात शेतकरी संकरित बियाण्याची दुसरी पिढी स्वस्तात पेरू लागले, तिच्यात सुमारे पाव हिस्सा झाडे आपोआपच बीटीविरहित निघाली, आणि त्या विखुरलेल्या आश्रयामुळे अळीतील वाढू लागलेला प्रतिकार ओसरला. तेथेही बोंडांत मिश्र सरकी होतीच. म्हणजे सरकीच्या मिश्रणाचा दोष जमेस धरूनही, संवेदनक्षम पतंगांचा पुरवठा टिकला की तंत्रज्ञान टिकते, असे या उदाहरणावरून दिसते.

पुढील दिशा

बीटी नसलेल्या उपायांचा आता महाराष्ट्रात हळूहळू अंगीकार होत आहे. बियाण्याची विक्री १ जूननंतरच करण्याचे धोरण शासनाने अवलंबिले, जेणेकरून पहिल्या पतंगांना फुलावरची कपाशी मिळू नये. कामगंध सापळे लावून, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आढळल्यास किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसल्यासच फवारणी करावी, डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात, अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा वर्गातील परोपजीवी कीटकांची कार्डे वापरावीत आणि डिसेंबरअखेर पीक काढून टाकावे, असा सल्ला कृषी विद्यापीठे देतात. नर पतंगाला मादीचा माग लागू न देणाऱ्या गंधदोऱ्यांचे प्रयोगही झाले आहेत. या सर्व उपायांचे एक वैशिष्ट्य आहे : एकट्यादुकट्याने केल्यास ते फारसे उपयोगी पडत नाहीत, गावाने मिळून केल्यासच पडतात.

हाच निष्कर्ष जुन्नर-आंबेगावच्या भाजीपाला उत्पादकांनाही लागू होतो. टोमॅटोची पाने व फळे पोखरणारी टुटा ही परदेशी अळी भारतात प्रथम २०१४ मध्ये पुणे परिसरात नोंदली गेली, आणि ब्राझील व इटलीत तिने डायअमाइड वर्गातील प्रभावी कीटकनाशकांनाही प्रतिकार निर्माण केलेला आहे. एकाच गटाचे औषध हंगामभर मारत राहणे, शिवारात बाराही महिने टोमॅटो उभा ठेवणे आणि काढणीनंतर अवशेष बांधावर टाकणे या फरदडीच्याच दुसऱ्या आवृत्त्या आहेत. औषधाच्या डब्यावर नोंदवलेला कार्यपद्धतीचा गट पाहून औषधे आलटूनपालटून वापरीत जाणे हा तेथला आश्रय पिकाचा पर्याय ठरतो.

कपाशीपुरते बोलायचे तर लवकर येणारे, दीडशे दिवसांच्या आत हंगाम संपवणारे, दाट लावता येणारे आणि शेतकऱ्याला स्वतःचे बी राखता येणारे सरळ वाण हा गुलाबी बोंडअळीवरील सर्वांत टिकाऊ तोडगा आहे, कारण अशी कपाशी अळीचा भर येण्यापूर्वीच वेचून होते. अकोला, परभणी आणि राहुरीची कृषी विद्यापीठे व नागपूरची संस्था यांच्याकडे देशी आणि अमेरिकन अशा दोन्ही प्रकारच्या सरळ वाणांचा साठा आहे. उणीव आहे ती पुरेशा बियाणे निर्मितीची आणि वाण गावात टिकवून धरणाऱ्या विस्तार यंत्रणेची. त्याचबरोबर आश्रयाचा तोटा सोसणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई, गावपातळीवर पेरणी व काढणीचे ठरलेले वेळापत्रक, जिनिंगच्या आवारात सक्तीचे सापळे आणि किडीच्या प्रतिकाराची दरवर्षी जाहीर होणारी तपासणी या गोष्टी शासनाने बियाण्याच्या परवान्याइतक्याच गांभीर्याने घ्यायला हव्यात. उद्या तिसरे जनुक आले किंवा नवे औषध आले तरी त्याचे आयुष्य या व्यवस्थेवरच ठरेल. ती उभी न करता नवे बियाणे बाजारात आणणे म्हणजे २००२ ते २०१७ हा काळ पुन्हा एकदा, आणि पुन्हा कोरडवाहू शेतकऱ्याच्याच खर्चाने, जगणे होय.